अर्ध्यात राहिलेला हंबरडा

‘माझी सहल’ या निबंधात एका पोरानं लिहिलं होतं, ‘गाडी सुटल्यावर डबा घरी विसरल्याचे लक्षात आले आणि मी हंबरडा फोडला.’ म्हस्के सरांनी चष्मा कपाळावर चढवला, त्या पोराला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, “फोड.”

“काय सर?”

“हंबरडा. डब्यापायी फोडला न्हवं तू? आता आमच्यासाठी फोड. ऐकू दे सगळ्यांना.”

वर्ग खो खो हसला. पोरगं कानकोंडं झालं. “डबा राहिला तर माणूस भोकाड पसरतं,” सर म्हणाले, “ते पण लहान असलं तर. तुझ्याएवढ्या घोड्यानं गुमान दुसऱ्याच्या डब्यात हात घालावा. हंबरडा इतका सस्ता न्हाई.”

माझा वर्ग शेजारचा, मधे नुसता पत्रा. बदनापूरच्या त्या शाळेत मराठी आम्ही दोघंच शिकवायचो. वरचे वर्ग त्यांच्याकडे, खालचे माझ्याकडे. पत्र्याच्या कृपेनं माझ्या पोरांना त्यांचे तास फुकटात ऐकायला मिळत, आणि खोटं कशाला बोलू, माझेही कान तिकडेच असत. मी जालन्याहून रोज गाडीनं येणारी, गाडी रोज उशिरा येणारी, आणि हेडमास्तर रोज घड्याळ दाखवणारे. त्या सगळ्या कटकटीवर सरांचा तास हा उतारा होता.

रडण्याच्या शब्दांचा त्यांचा एक खास तास असे. फळ्यावर शब्द लिहायचे आणि म्हणायचे, “प्रत्येक शब्दाला त्याचा माणूस शोधा.” मुळूमुळू कोण रडतं? मुसमुसून कोण? ओक्साबोक्शी रडणाऱ्याला आजूबाजूचं भान असतं का? पोरं आपापल्या घरातली माणसं आठवून सांगत. ‘गळा काढला’ असं एखाद्या मुलीनं म्हटलं की सर बोट वर करायचे. “थांब. गळा काढला असं कोण म्हणतं? ज्याला रडणाऱ्याबद्दल माया न्हाई, तो म्हणतो. रडणं तेच असतं, ऐकणारा शब्द बदलतो.” मग ते जुन्या गोष्टींतल्या नायिकांकडे वळत. त्या अश्रू ढाळतात, आणि आपल्या आया टिपं गाळतात, पाणी एकच, म्हणत. चातकाचा टाहो होई, संतांचा धावा होई, आणि शेवटी गाडी हंबरड्यावर येई.

हंबरड्यासाठी फळा पुरायचा नाही. शाळेच्या मागं एकाचा गोठा होता. संध्याकाळी धारेच्या आधी वासरू लांब बांधलेलं असे, तेव्हा सर अख्खा वर्ग तिथं नेऊन उभा करत. गाय मान वर करून हंबरायची. पोरं आधी फिदीफिदी हसायची, मग गप व्हायची. “ऐका. शब्द इथून आलाय,” सर सांगत. “संतांनी देवाला गाय केलं आणि स्वतः वासरू झाले. मंग हंबरतंय कोण? देव! आपल्यासाठी! म्हणजे हंबरडा ही हाक हाये. रडणं एकट्यानं होतं, हाकेला समोर कुणीतरी लागतं.” तेवढ्यात गडी वासरू सोडायचा, ते धावत कासेला लागायचं आणि गाय गप व्हायची. सर तिच्याकडे बघत राहायचे. पोरं घरी पळाली तरी बघत राहायचे.

पेपरवाल्यांशी तर त्यांचं हाडवैरच होतं. अपघाताच्या बातमीत ‘कुटुंबीयांनी एकच हंबरडा फोडला’ असं आलं की त्या दिवशी वार्ताहराची धडगत नसे. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. फोनवर सर विचारत, “तू होतास का रे तिथं? कोण रडलं? काय म्हणून रडलं?” तो बिचारा म्हणे, “सर, ते तर लिहावंच लागतं. शेवटची ओळ असती ती.” सर फोन ठेवून माझ्याकडे वळत. “बघा मॅडम. आता माणसं रडायची न्हाईत, ओळच रडणार.”

नव्या शिक्षकांना हा सगळा विक्षिप्तपणा वाटे. मला वाटत नसे, कारण मी आधीचे म्हस्के सर पाहिले होते. आधीचे सर हे शब्द गाइड बघून शिकवत. ‘हंबरडा फोडणे : मोठ्याने रडणे, वाक्यात उपयोग करा,’ आणि पुढचा वाक्प्रचार. आधीचे सर म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं पुस्तकी. कुणी न्हाई म्हटलं की ‘नाही म्हणावे’ असं सांगणारे. मंठ्याच्या पलीकडच्या खेड्यातून शिकून वर आलेला माणूस. बदनापूरच्या नव्या कॉलनीत घर बांधलं, शेजारी बँकेतले लोखंडे साहेब, समोर डॉक्टर. त्या कॉलनीत ते जरा जपूनच चालत.

त्यांचं एकच ठिकाण मऊ होतं, त्यांची आई. ती त्यांच्याजवळच राहायची. मधली सुट्टी झाली की सरांचा मोबाइल वाजायचा आणि अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी विचारायची, “बाळू, जेवला का?” सर लाल होत. “जेवतो आहे, आई.” “काय जेवतो? डबा उघडला का न्हाई आजून?” आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. क्रीडाशिक्षक तर त्यांना तोंडावर ‘बाळू जेवला का’ म्हणायचे. पन्नाशीला आलेला माणूस, पण फोन वाजल्याशिवाय त्यानं कधी डबा उघडला नाही.

मग एका पहाटे ती म्हातारी झोपेतच गेली. आम्ही सगळे कॉलनीत पोचलो. मांडव घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या होत्या. हेडमास्तर, संस्थेचे सचिव, लोखंडे साहेब, डॉक्टर असे सगळे हाताची घडी घालून बसले होते. बायका आत होत्या, पण आवाज नव्हता. सरांची बायको, आमची वहिनी, डोळ्याला रुमाल लावून उंबऱ्याशी बसली होती. सगळं कसं शांत, नेटकं चाललं होतं.

सरांची थोरली बहीण, गयाक्का, अजून यायची होती. लहानपणी तिनंच सरांना कडेवर वाढवलेलं, कारण आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात. तिच्या गावाकडची रीत मी तेव्हा ऐकून होते, पाहिली नव्हती. माहेरी कुणाची माती असली की लेक वेशीपासून रडत येते. नुसती रडत नाही, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचे गुण सांगत, सुरात येते. आणि तो सूर ऐकला की घरातल्या कुणीतरी उठून सामोरं जायचं असतं. तिला वाटेतच मिठीत घ्यायचं, मिळून रडायचं आणि धरून घरात आणायचं. सामोरं कुणी गेलं नाही, तर त्या लेकीला त्या घरात जागा नाही, असा त्याचा अर्थ.

कॉलनीला वेस कुठली? जीप पाण्याच्या टाकीपाशी थांबली आणि गयाक्कानं तिथूनच सूर लावला. लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरलेला, पाय अनवाणी. “माय माझे गं… लेकीला न सांगता गेलीस गं…” टाकीपासून घरापर्यंत सगळ्या खिडक्या उघडल्या. खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. सचिव घसा खाकरले. कुणाचं तरी पोरगं गॅलरीत हसलं.

सर उठले आणि झपझप तिच्याकडे गेले. तिला वाटलं, भाऊ सामोरा आला. तिनं दोन्ही हात पसरले. “माय माझे गं, माझ्या बाळूला आता…”

सरांनी तिचं मनगट धरलं. “आक्का, हळू,” ते म्हणाले. “इथं असं रडत नाहीत. लोक बसलेत.”

तिचा आवाज तिथल्या तिथं तुटला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. रडणारं माणूस हळूहळू शांत होतं, ही एकदम थांबली. तिनं पसरलेले हात खाली घेतले, पदर सारखा केला, आणि “बराबर हाये,” एवढंच म्हणून भावाच्या मागून खालच्या मानेनं आत गेली. आम्ही खुर्च्यांवरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्यासकट.

सामान्य माणूस अशी गोष्ट विसरून जातो. सर विसरले नाहीत, कारण गयाक्कानं भांडण केलं नाही. ती रुसली असती, चार गोष्टी सुनावल्या असत्या, तर सरांनी पाय धरून मिटवलं असतं. ती दिवाळीला यायची, भाऊबीज करायची, ओवाळायची. विचारलं तेवढंच बोलायची, खुर्चीवर बसायची, कप बशीतून उचलून बिनआवाजाचा चहा प्यायची. कॉलनीत जसं वागावं, बिलकुल तसं. एकदा साडी घेऊन सर तिच्या गावी माफी मागायला गेले. ती म्हणाली, “कशाची माफी रं? मी काई मनात ठेवलं न्हाई.” आणि साडी घडी न मोडता ट्रंकेत ठेवली.

तेव्हापासून सरांच्या बोलण्यातली ‘नाही’ जाऊन ‘न्हाई’ परत आली. मधल्या सुट्टीत ते फोन टेबलावर पालथा ठेवत आणि त्याच्याकडे बघत बसत. डबा कधी उघडत, कधी तसाच घरी नेत. क्रीडाशिक्षकांनी पुन्हा कधी थट्टा केली नाही. एक दिवस अचानक सर मला म्हणाले, “मॅडम, ‘माझ्या बाळूला आता’ याच्या पुढं काय असंल?”

मला कळायला वेळ लागला.

“आक्का तेवढंच बोलली होती. मी पुढचं होऊ दिलं न्हाई. रोज पोरांना रिकाम्या जागा भरायला देतो, माझी मला भरता येईना.” मग स्वतःच म्हणाले, “तक्रारच असंल. बाळूला आता शिंगं फुटली, बाळूला आता बहीण नको झाली. दुसरं काय असणार?”

“मग विचारा ना त्यांना,” मी म्हटलं.

“रडताना काय म्हणणार होतीस, असं इचारतं का कोणी?”

त्यानंतर बदनापुरात कुठंही माती असली की सर जायचेच. ओळख असो नसो. पुरुषांत बसायचे नाहीत, रस्त्याच्या बाजूला उभे राहायचे, जिथून येणारी बाई आधी दिसेल. लांबून सूर आला की पळत दारात जाऊन सांगायचे, “कोणीतरी उठा. पाहुणीला सामोरं जा.” लोक त्यांना हसत. मास्तर रिटायर व्हायच्या आधीच कामातून गेला, म्हणत.

लोखंडे साहेबांचे वडील वारले तेव्हा खेड्यावरून त्यांची म्हातारी आत्या रिक्षातून आली आणि कोपऱ्यावर उतरून तिनं मोठ्यानं भावाला हाक घातली. लोखंडे साहेबांचा चेहरा मी ओळखला. तोच चेहरा मी सरांचा पाहिला होता. ते उठायला लागले, तसा सरांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “साहेब, बसा. तुम्ही अजिबात जाऊ नका. तुमची बायको जाऊ द्या.” लोखंडे साहेब चिडले, “सर, लोक काय म्हणतील?” सर त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच, “लोक दुपारी जेवायला घरी जातील! ती बाई कुठं जाईल?” लोखंडेबाई गेल्या. जाताना अवघडलेल्या होत्या, पण म्हातारीनं गळ्याला मिठी घातली आणि त्या जशा रडल्या, तशा त्या सासऱ्यासाठी रडतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सरांना वाटत होतं, कधीतरी आक्का त्यांच्या गळ्यात पडून रडेल आणि हिशेब मिटेल. तशी वेळही आली. गयाक्काचे मालक गेले. सर आणि वहिनी पहिल्या गाडीनं निघाले.  परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी चहा पिता पिता सरांनी मला सांगितलं.

“वेशीत उतरलो, घरी गेलो. माहेरचा माणूस आला म्हणून बायका बाजूला झाल्या. सगळ्यांना वाटलं, आता गया फुटंल. भाऊ दिसल्यावर बाई राहते का मॅडम? दगड असला तरी राहत न्हाई. मी हात पसरले. तिनं माझ्याकडं बघितलं, उठली, माठाकडं गेली, आणि…” सरांनी कप खाली ठेवला. “पाणी आणून दिलं तिनं मला. बस म्हणाली, लांबून आलास. कपाळ पुसलेली बाई, मॅडम, तिनं उठून पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं.”

पत्र्यापलीकडं पोरं गोंधळ घालत होती, सर उठून वर्गावर गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा राग आला आणि कीवही आली. एका वाक्यानं माणूस किती गमावू शकतं, ते मी रोज बघत होते.

रिटायर झाल्यावर सरांच्या छातीनं दगा द्यायला सुरुवात केली. मी अधूनमधून गाडी पकडायच्या आधी त्यांच्याकडे डोकावायची. शेवटच्या खेपेला ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. वहिनी चहा करायला आत गेली, तसे हळूच म्हणाले, “मॅडम, मी गेल्यावर आक्काला फोन तुम्ही करा. ही घाबरून जाईल.”

“असं का बोलता सर?”

“ऐका तर. ती येईपर्यंत मला हलवू देऊ नका. पोरगा पुण्याहून येईल, त्याला जल्दी असंल.” मग म्हणाले, “एकच भीती हाये. ती येईल, बराबर वागंल, खुर्चीवर बसंल, डोळे पुसंल आणि जाईल. माझ्या मातीला आक्का नुसती हजेरी लावून गेली, तर मी काय कमावलं?”

“मी सांगू का त्यांना काही?”

सर हसले. हसताना त्यांना धाप लागली. “काय सांगणार? रडा म्हणून? सांगून कोण रडतं? गप म्हणून सांगता येतं फक्त. तेवढं मी सांगून बसलोय.”

दिवाळी होऊन गेल्यावर सर गेले. फोन मीच केला. पलीकडून गयाक्का एवढंच म्हणाली, “निंगते.” मुलगा पोचला, नातेवाईक जमले, उन्हं चढली, तशी पुरुषांची घाई सुरू झाली. मी वहिनीला सांगितलं होतं, वहिनीनं मुलाला ठणकावलं, “आत्या आल्याशिवाय उचलायचं नाही.” तोच मांडव, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या. सर अंगणात निजवलेले होते. कपाळावर चष्मा नसल्यामुळं त्यांचा चेहरा मला परका वाटत होता.

जीप टाकीपाशी थांबली. गयाक्का उतरली. आता ती फारच म्हातारी झाली होती, नातवाचा हात धरून चालत होती. आम्ही सगळ्यांनी कान दिले. काहीच आवाज आला नाही. टाकीपासून घरापर्यंतचा सगळा रस्ता ती तोंडाला पदर लावून, खाली मान घालून, एक शब्द न बोलता आली. मला सरांचं बोलणं आठवलं. हजेरीच लावणार ही, मला वाटलं.

फाटकाशी येऊन ती थांबली. आत आली नाही. नातवाचा हात तिनं सोडला. खुर्च्यांवरच्या माणसांकडे एकदा बघितलं, मग अंगणातल्या भावाकडं. आणि तिथूनच, लहान पोरीनं घरच्या मोठ्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं,

“बाळू… आता रडू का रं?”

ज्याला विचारलं होतं, तो उत्तर द्यायला नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आक्का, अहो, सर इतकी वर्षं हेच सांगायला तडफडत होते.

माझ्याआधी वहिनी उठली. पदर लोळत होता, त्याचीही तिला शुद्ध नव्हती. ती अंगणातून धावत फाटकाशी गेली, तिनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, “रडा, आक्का. रडा हो. तुमची वाट बघून राह्यले ते.” लोखंडे साहेब उठले आणि वाटेतल्या खुर्च्या भराभर बाजूला ओढायला लागले.

गयाक्कानं वहिनीच्या गळ्याला मिठी घातली आणि हंबरडा फोडला. सगळ्या खिडक्या पुन्हा उघडल्या. पण ती भावाला रडत नव्हती. भावाच्या आधी जे राहून गेलं होतं, ते तिनं पहिल्यांदा घेतलं. जिथं तुटलं होतं, बरोबर तिथून.

“माय माझे गं… माझ्या बाळूला आता… जेवला का म्हनून कोन इचारील गं…”

मी सरांकडे बघितलं. डोळे मिटलेले, नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार. त्यांची रिकामी जागा भरली होती आणि त्यांना ऐकू जात नव्हतं.